शाळेला पडवी हवी

आंबा मोहोरू लागला की आमच्या पनवेलात आणखी एक पीक तरारून येते. ते म्हणजे शाळांच्या फलकांचे. महामार्गाच्या कडेला, पुलाच्या कठड्यावर, विजेच्या खांबावर, जिथे वीतभर जागा सापडेल तिथे हसरी मुले झळकू लागतात. त्यांच्या मागे निळ्या काचेची पाच मजली इमारत असते आणि पायथ्याशी ठसठशीत अक्षरांत दोन विशेषणे असतात : ‘संपूर्ण वातानुकूलित’ आणि ‘शाश्वत’. पहिल्याचा अर्थ कोणालाही कळतो. दुसऱ्याचा अर्थ मी एकदा फलक छापणाऱ्या पोरालाच विचारला. तो म्हणाला, “काका, हल्ली ते सगळेच लिहितात.” आपल्या पणजोबांनी हे विशेषण ब्रह्माखेरीज दुसऱ्या कशाला लावले नसेल, आता ते गिलाव्याला लावतात.

वाचकहो, फराळाचे ताट पुढे असताना हा गृहस्थ उकाड्याचे काय घेऊन बसला, असे आपणांस वाटेल. पण ऑक्टोबरचा उकाडा नुकताच आपण सर्वांनी भोगला आहे, आणि येत्या जूनमध्ये आपल्या नातवंडांना कोणत्या शाळेत घालायचे याच्या मसलती याच चकलीच्या साक्षीने घरोघर चालल्या आहेत. तेव्हा आताच सांगितलेले बरे. माझे म्हणणे एवढेच की, ज्या शाळेत एप्रिलच्या दुपारी वीज गेली असता मूल बाकावर बसू शकत नाही, त्या शाळेने स्वतःला शाश्वत म्हणवून घेऊ नये. मग तिच्या दाराशी कितीही हिरवी प्रमाणपत्रे टांगलेली असोत.

पनवेलचे ऊन म्हणजे काही नागपूरचे ऊन नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी 16 एप्रिल 2023 हा दिवस आठवावा. खारघरच्या मैदानावर, म्हणजे आमच्याच तालुक्यात, ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा समारंभ भरदुपारपर्यंत चालला आणि उष्माघाताने 14 माणसे गेली. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. खाडीकाठच्या उन्हाची जात निराळी. हवेत इतका ओलावा असतो की घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळला नाही की शरीर निवत नाही. इथे माणसाला वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वाहता वारा. विदर्भातल्या जाड भिंतीच्या, बंद दारांच्या गार खोल्या इथे उपयोगाच्या नाहीत. कोकणातल्या माणसाने म्हणूनच पडवी काढली, ओटी काढली, आढ्याशी गरम हवेला वाट ठेवली.

या उन्हात आता शाळाही अधिकाधिक ओढली जात आहे. 2025 साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत लांबल्या, आणि त्याच वर्षी शासनाला उन्हापायी शाळा सकाळच्या सत्रात भरवण्याचा हुकूम काढावा लागला. वेळापत्रक एकीकडे मुलांना उन्हात ढकलते, दुसरा हुकूम त्यांना उन्हातून ओढून काढतो. इमारत मात्र आपल्या जागी ढिम्म उभी. तिला कोणी काही विचारीत नाही.

कायद्याने विचारले आहे, हे सांगितले पाहिजे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत कशी असावी ते लिहिले आहे : सर्व ऋतूंत चालेल अशी इमारत, शिक्षकागणिक निदान एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, खेळाचे मैदान. ‘सर्व ऋतूंत’! पण आपल्याकडे ऋतू म्हणजे पाऊस एवढाच अर्थ घेतला गेला. स्लॅब टाकला, गळायचा थांबला, झाली सर्व ऋतूंची इमारत. उन्हाळा हा ऋतूच नव्हे, ती सुट्टी, असा जुना समज त्यामागे असावा. तो समज आता खुद्द वेळापत्रकानेच मोडला आहे. वरच्या मजल्यावरचा तो स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दुपारी तीनच्या सुमाराला खाली बसलेल्या मुलांच्या टाळूवर ते ओतू लागतो. त्या वर्गात दोन तास शिकवून बघावे. मी शिकवलेले आहे.

आता काचेच्या शाळेत चला. पहिल्यांदा खिडकी पाहा. ती ॲल्युमिनियमच्या सरकत्या तावदानांची असते. सरकत्या खिडकीचे गणित असे की एक तावदान दुसऱ्यामागे जाते. म्हणजे खिडकी पूर्ण उघडली तरी ती अर्धीच उघडते. भिंतीत पैसे मोजले पूर्ण खिडकीचे, वारा मिळाला अर्ध्या खिडकीचा. आपल्या जुन्या दोन फळ्यांच्या बिजागरीच्या खिडकीला हा आजार नव्हता. त्यातून ही खिडकी पश्चिमेला असली म्हणजे दुपारनंतर ऊन आडवे घुसते. काचेतून ते आत येते, फरशी तापते, बाके तापतात, आणि तापलेल्या वस्तूंची ऊब काचेतून बाहेर पडत नाही. मग पडदे ओढायचे. पडदे ओढले की अंधार. मग दिवे लावायचे. भरदुपारी, सूर्य माथ्यावर असताना, दिवे!

यावर उतारा म्हणून ते यंत्र. घरात असते तसले, भिंतीवर बसवायचे वातानुकूलन यंत्र बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, हे किती पालकांना ठाऊक आहे? खोलीतलीच हवा ते पुनःपुन्हा गार करून फिरवते. बाहेरच्या हवेत आज दर दहा लाख भागांत 420हून अधिक भाग कर्बवायू असतो. दारे-खिडक्या बंद केलेल्या वर्गात चाळीस-पन्नास मुले तासभर बसली की तो कित्येक पटींनी वाढतो. मुलांच्या डोळ्यांवर झापड येते. गुरुजी ओरडतात, मुलगा झोपाळू आहे असे आईवडिलांना कळवतात. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद पडल्या आणि पुढे त्या उघडताना डॉक्टर कंठशोष करून सांगत होते की खिडक्या उघडा, हवा खेळू द्या. ती साथ ओसरून चार वर्षे होतात न होतात तोच आपण खिडक्यांना सिलिकॉन लावून बसलो.

आणि या सगळ्यावर मखलाशी म्हणून गच्चीवर सौरपट्ट्या! सौरपट्ट्यांशी माझे वैर नाही. पंख्यांना, दिव्यांना, पंपाला त्या खुशाल वीज देवोत. पण आधी ऊन काचेतून आत घ्यायचे, मग त्याच उन्हाची वीज करून ते बाहेर हाकलायचे, आणि या खटाटोपाला पर्यावरणरक्षण म्हणायचे, ही बुद्धी कोणत्या पाठशाळेत शिकवतात ते एकदा पाहिले पाहिजे.

हे मी ऐकीव सांगत नाही. जन्मभर चित्रकला शिकवली असल्यामुळे नकाशा सुलटा कसा धरायचा एवढे मला कळते. त्या बळावर आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेने मला नव्या इमारतीच्या समितीवर घेतले. संस्थेचे नाव सांगत नाही. तशा डझनभर आहेत. वास्तुरचनाकार एक तरुण मुलगी होती. तिने काढलेला पहिला नकाशा पाहून मला खरोखर आनंद झाला. इमारत पूर्व-पश्चिम लांबट, वर्गांना समोरासमोर उत्तरेला आणि दक्षिणेला खिडक्या, आणि दक्षिणेच्या व पश्चिमेच्या अंगाला प्रत्येक मजल्यावर दहा फुटांची पडवी. तिने हिशेबही सांगितला. पनवेल 19 अंश अक्षांशावर. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो. दक्षिणेचे ऊन छज्जाने अडवता येते. पूर्व-पश्चिमेचे ऊन आडवे, त्याला छज्जा पुरत नाही, तिथे खोल पडवीच हवी. आणि पाऊसही इथे नैर्ऋत्येकडूनच झोडपतो, म्हणजे तीच पडवी भिंतीला छत्रीसारखी. एका पडवीने ऊन आणि पाऊस दोन्ही अडवले, त्यामुळे मागची खिडकी बारा महिने उघडी ठेवता येते. इतके सोपे आहे ते.

नकाशा टेबलावर पसरला. खजिनदारांनी चष्मा लावला, पडवीवर पेन्सिल टेकवली आणि मला विचारले, “सर, या जागेत कोण बसणार?”

मी म्हणालो, “कोणीही बसेल. मधल्या सुट्टीत डबा खातील, पावसात खेळतील, चित्रकलेचा तास घेता येईल.”

“तसं नव्हे. हिची फी कोणाकडून घ्यायची?”

पुढच्या बैठकीला नकाशातून पडवी नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी मजल्यागणिक दोन-दोन वर्ग आले होते. मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना वर्ग, म्हणजे कोणत्याही वर्गाला आरपार वारा नाही. पश्चिमेला अखंड काच, कारण ‘महामार्गावरून दिसले पाहिजे’. पडवी वाचवली म्हणून जो पैसा उरला तो यंत्रांत घालायचा होता. यंत्राचे बिल दरमहा येणार, दहा-बारा वर्षांनी यंत्र बदलावे लागणार, ते सर्व फीमध्ये धरायचे. पडवीला एकदाच खर्च आणि तिला बिल नाही, हाच तिचा दोष ठरला.

पडवीचा कैवार घेताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. आपल्या शाळांच्या जुन्या पडव्यांचा इतिहास निर्मळ नाही. अस्पृश्य म्हणून हिणवलेल्या मुलांना वर्गाबाहेर पडवीत, कुठे पायरीवर, कुठे स्वतःच्या घरून आणलेल्या गोणपाटावर बसवून शिकवल्याचे दिवस महाराष्ट्राने पाहिले आहेत. सार्वजनिक पाणवठे आणि शाळा सर्वांना खुल्या कराव्यात असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला, तरी गावोगावच्या उंबरठ्यांना तो कळायला पुष्कळ वर्षे लागली. तेव्हा ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांत मला धरू नका. आमच्या वेळच्या कोंदट, काळोख्या वाड्यांतल्या शाळाही मला परत नकोत. मला पडवी हवी ती सगळ्या वर्गाने एकत्र बसायची.

अंगणाचे मोल आपल्याच मातीत दोन बायांनी ओळखले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे 1957 मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. गुरे राखणारी पोरे कुरणात असतात ना, मग कुरणशाळा. इमारत ही मुलासाठी असते, मूल इमारतीसाठी नव्हे, हे त्यांनी एक वीटही न रचता दाखवून दिले. सरकारने 1975 पासून अंगणवाडी हे नाव देशभर नेले. आज आमच्याकडच्या वसाहतींत कित्येक अंगणवाड्या गाळ्यांत आणि जिन्याखाली भरतात. अंगणवाडी आहे, अंगण तेवढे गेले.

हे सगळे गरिबांचे चोचले, असे म्हणण्याची सोय राहू नये म्हणून बाहेरची दोन उदाहरणे देतो. आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे, आमच्याहून कितीतरी तापणारा. तिथल्या गांदो गावचा फ्रान्सिस केरे लहानपणी कोंदट, उकाड्याच्या वर्गात शिकला, पुढे जर्मनीत वास्तुरचना शिकला, आणि 2001 साली त्याने आपल्या गावाला शाळा बांधून दिली. भिंतींच्या विटा गावच्या मातीच्याच, थोडे सिमेंट घालून दाबलेल्या. वर भोके ठेवलेले मातीच्या विटांचे छत. आणि त्याच्याही वर, हातभर अंतर सोडून, पत्र्याचे उंच छप्पर. पत्रा तापतो, पण मधल्या पोकळीतून वारा वाहतो आणि वर्गातली गरम हवा वर ओढून नेतो. यंत्र नाही. गावकऱ्यांनी हातांनी बांधली. त्या शाळेला 2004 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला आणि केरेला 2022 मध्ये प्रिट्झकर, म्हणजे वास्तुरचनेतले नोबेलच म्हणा.

इतके दूरही जायला नको. पुण्याजवळ लवळ्याला ‘अवसरा अकादमी’ ही मुलींची शाळा आहे. तिथे बांबूच्या पडद्यांनी सावली केली आहे आणि जमिनीखालच्या नळांतून निवलेली हवा खोल्यांत येऊन उन्हाने तापणाऱ्या धुराड्यांवाटे वर निघून जाते. कोपरगावला एका शाळेच्या आवारात समीप पडोरा यांनी 2018 मध्ये बांधलेले माया सोमय्या वाचनालय विटांच्या पातळ कमानीचे आहे. त्याच्या पाठीवर मुले चढतात आणि पोटात वाचतात. आणि हाकेच्या अंतरावर, बेलापूरला, चार्ल्स कोरिया यांनी 1980 नंतरच्या दशकात अंगणाभोवती घरे रचून दाखवली. आमच्या काचवाल्यांनी रेल्वेचे एक तिकीट काढले असते तरी पुरे होते.

सामानाचा प्रश्न जरा अवघड आहे, आणि तिथे माझी भाषणबाजी मलाच आवरावी लागते. लॉरी बेकर सांगत असत की, आदर्श गावातले घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचे असावे, असे गांधीजींनी त्यांना एकदा सांगितले होते. जगातल्या कर्बवायूपैकी सुमारे सात-आठ टक्के एकट्या सिमेंटपायी हवेत जातो म्हणतात, तेव्हा त्या बोलण्याला आज आणखी वजन आले आहे. पण पनवेलपासून पाच मैलांत काय आहे? काळा दगड आहे. पण विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडलेली आपण पाहिली, आता आणखी टेकड्या शाळांसाठी फोडा असे मी म्हणणार नाही. कारवी आहे, ठाकूर-कातकऱ्यांच्या घरांचे कूड कारवीचे, वर शेणमातीचा लेप, आणि आत उन्हाळ्यात बसून पाहावे म्हणजे कळते. पण चार मजली शाळा कुडाची होत नाही. उरली वीट.

ही वीट पाडतो कोण? दिवाळी झाली की रायगडच्या वाड्यांवरून कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. बरोबर पोरे जातात. त्यांची शाळा सुटते. म्हणजे आपल्या मुलांच्या शाळेची भिंत ज्या हातांनी घडते त्यांच्याच मुलांची पाटी फुटते. ठाणे जिल्ह्यात ‘विधायक संसदे’ने भट्टीवरच्या झोपड्यांत, ज्यांना भोंगा म्हणतात त्यांत, भोंगाशाळा चालवल्या होत्या. शाश्वतपणाचे प्रमाणपत्र देणारे पाण्याच्या तोट्या मोजतात, दिव्यांचे वॅट मोजतात. वीट ज्या भट्टीवरून आली तिथे मुलांसाठी शाळा आहे का, हा रकाना त्यांच्या कागदावर मी घालू इच्छितो. आणि विटा कमी लागतील अशी चिणाई, बेकर वापरीत तशी मध्ये पोकळी ठेवणारी, आमच्या गवंड्यांना सहज जमण्यासारखी आहे.

दुरुस्तीचेही तेच. पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. चाक मोडले तर ते नीट करणारा सुतार आणि धाव बसवणारा लोहार एकाच आळीत सापडत. आज काचेच्या भिंतीचे एक तावदान तडकले तर मुंबईहून दोराने लटकणारी माणसे येईपर्यंत त्यावर चिकटपट्टी. कौलारू छपरालाही निगा लागते हे मी नाकारीत नाही : माकडे कौले फोडतात, दर वैशाखात शाकारणी करावी लागते. पण ती शाकारणी गावातला माणूस करतो आणि त्याची मजुरी गावात राहते.

आक्षेप आहेत, त्यातला एक खरा आहे. गोंगाट आणि धूळ. महामार्ग, कंटेनर, खडी-केंद्रे आणि 2025 पासून विमानतळ. खिडकी उघडली की वर्गात गुरुजींऐवजी ट्रक बोलतो. अशा जागी मी हट्ट धरणार नाही. रस्त्याच्या अंगाला जिने, स्वच्छतागृहे, प्रयोगशाळा घाला, वर्ग मागे न्या, मध्ये झाडांची दाट रांग लावा. आणि तरीही भागत नसेल तर एखाद्या खोलीला यंत्र बसवा, त्याला ताज्या हवेची सोय करा. मुळात महामार्गाला चिकटून शाळेला जागा देणाऱ्यांना प्रश्न विचारला पाहिजे, पण तो वेगळा लेख होईल.

पाण्याबद्दल फलकांवर ‘पर्जन्यजलसंचय’ असा एक शब्द असतो. आमच्याकडे अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. पाचशे चौरस मीटर छपरावरून निदान दहा लाख लिटर पाणी हाती लागते. ते मेपर्यंत साठवायचे तर मैदानाएवढी टाकी लागेल, म्हणून कोणी भूलथापा देऊ नयेत. पण चार महिने स्वच्छतागृहांना ते पुरते आणि उरलेले विहिरीच्या पोटात जाते. देहरंग धरणाचा तळ उन्हाळ्यात दिसू लागतो तेव्हा टँकरमागे धावणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. त्यांच्या पन्हाळी पावसाळ्यात थेट गटारात उतरवलेल्या होत्या.

आणि पालक? “पालकच मागतात हो,” असे खजिनदार म्हणाले. मागतात, कारण त्यांना दुसरे काही दाखवलेले नाही. तापलेला स्लॅब आणि गार यंत्र एवढ्यातच निवड करायची तर मीही यंत्रच मागेन.

आमच्या समितीची शेवटची बैठक आता बाकी आहे. मी लेखी सूचना दिली आहे की ती संस्थेच्या गार दिवाणखान्यात न घेता जुन्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या वर्गात, एप्रिलमधल्या एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता घ्यावी. वर्गात चाळीस मुले असावीत आणि विजेचे मुख्य बटण बंद ठेवावे. चहा मी पाजीन. नकाशा दोन्ही प्रकारचा टेबलावर असेल, पडवीचा आणि बिनपडवीचा, आणि सभासदांनी साडेतीनपर्यंत तिथेच बसून मतदान करावे. सूचनेवर अजून कोणी सही केलेली नाही.